कोटेशनमधली चौदावी ओळ

कोथरूडमध्ये एक गल्ली आहे. दोन्ही बाजूंना मिळून बारा बंगले. त्यातल्या सात बंगल्यांचे बाहेरचे दिवे मी लावलेले आहेत. गेली दोन वर्षं त्या गल्लीत मला कुणी साधा बल्ब बदलायलाही बोलावलेलं नाही. संपादकांनी मला उजेडाच्या धंद्याबद्दल लिहायला सांगितलं, काही गमतीजमती येऊ द्या म्हणाले. गमती आहेत, एखादी सांगतोही. पण मला लिहायचं आहे ते त्या गल्लीबद्दल. तिथे माझी बाजू कुणी विचारली नाही, म्हणून इथे मांडतो.

आधी धंदा समजून घ्या. पुण्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे बंगले आता ओल धरायला लागले आहेत. गिलावा फुगतो, रंग दोन पावसाळे टिकत नाही. मग मालक कंटाळून भिंतीला नवीन कातडं चढवतात. त्याला क्लॅडिंग म्हणतात. भिंतीवर ॲल्युमिनियमची चौकट ठोकायची आणि तिच्यावर लाकडासारख्या किंवा दगडासारख्या दिसणाऱ्या शीट बसवायच्या. भिंत आणि शीट यांच्यामध्ये दोन इंचांची पोकळी राहते. माझं सगळं काम त्या दोन इंचांतलं. जुना गिलावा उतरला की जुन्या वायरीही उघड्या पडतात, उंदरांनी कुरतडलेल्या, हात लावला तर तुकडे पडणाऱ्या. त्या काढायच्या, नवीन पाइप टाकायचे, जिथे दिवा येणार तिथे डबी बसवायची. हे सगळं शीट चढण्याआधी. एकदा शीट बसली की भिंत बंद. नंतर कुणाला आठवलं की इथे एक दिवा हवा होता, तर शीट काढावी लागते, आणि काढलेली शीट पुन्हा पहिल्यासारखी कधी बसत नाही. म्हणजे माणसाने दहा वर्षांनी आपल्याला कुठे उजेड लागेल, याचा विचार आज करायचा असतो. तो कुणी करत नाही. फोनमधले फोटो दाखवतात आणि असं करा म्हणतात.

म्हणून मी एक पद्धत ठेवली होती. प्रत्येक भिंतीत एक रिकामा पाइप टाकून ठेवायचा, आत नुसती एक तार सोडलेली. पुढेमागे दिवा वाढवायचा झाला तर त्या तारेला वायर बांधून ओढून घेता येते. त्याचे मी पैसे लावत नसे आणि कुणाला सांगतही नसे.

दुसरी गोष्ट मी पुण्याजवळच्या मांजरी गावात शिकलो. तिथे उसाच्या रानात नवी घरं उठली आहेत. एका मालकाला आपलं घर हायवेवरून दिसायला हवं होतं. मी बारा मोठे दिवे लावले, घर दिसलं. चौथ्या दिवशी शेजारचा शेतकरी आला.

"दिवं तुमी लावलं का?"

"हो."

"माजी गाय बसंना झालीया. तिला वाटतंय उजाडलंच हाय. सकाळी धार काढायला जावं तर दूध न्हाई. आता तुमीच या धार काढायला."

मी सगळे दिवे खाली वळवून दिले, वळवायचे पैसे मालकाकडून घेतले. तेव्हापासून एक ध्यानात ठेवलं. दिवा कुठे लावला ते महत्त्वाचं नाही, उजेड कुठे पडतो ते महत्त्वाचं. हे मला चांगलं माहीत होतं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मी अडाणीपणाने चुकलो असं मी कुठे म्हणणार नाही.

आता घासाघिशीबद्दल. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. शाळा सुटली की मी गाळ्यावर जाऊन बसायचो. तिथल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याची युक्ती मी बघून ठेवली होती. पन्नास पोत्यांत तो एक पोतं मुद्दाम वाईट ठेवायचा, तेही वरच. गिऱ्हाईक ते पोतं उघडायचं, चिडायचं, बाजूला काढायला लावायचं आणि आपण फसलो नाही या आनंदात उरलेली एकोणपन्नास न उघडता घेऊन जायचं. पुढे आयटीआय करून, वायरमनचा परवाना काढून मी धंद्यात उतरलो तेव्हा भांडवल म्हणून माझ्याकडे एक ड्रिल मशीन होतं आणि ही युक्ती होती. माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये एक ओळ पाडण्यासाठी घातलेली असे. दर तिप्पट लावायचा. गिऱ्हाईक बरोबर तिच्यावर बोट ठेवतं. मी थोडा हट्ट करायचा, मग तोंड पाडून ती ओळ सोडायची. बाकीच्या ओळी तशाच पास होतात. पुण्यात गिऱ्हाइकाला भाव कमी करून मिळाला नाही तर जेवण जात नाही. मी त्याची सोय करत होतो. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. ज्यांनी मला पहिल्या दहा वर्षांत दारात उभं ठेवून पाणीसुद्धा विचारलं नाही, त्यांच्याशी मी असाच वागणार होतो.

तर त्या गल्लीतल्या दामले बाई. शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, वय सत्त्याहत्तर. यजमान गेल्यापासून बंगल्यात एकट्याच. मुलगी मेधाताई बाणेरला फ्लॅटमध्ये, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बंगल्याची पश्चिमेची भिंत पार ओली झाली होती, झोपायच्या खोलीत बुरशी. मेधाताई क्लॅडिंगचा खर्च करायला तयार झाल्या. पहिल्या दिवशी माझ्यासमोरच त्या आईला म्हणाल्या, "आई, हे शेवटचं. एवढं करून तुला इथे नीट राहता आलं तर राहा. परत काही झालं, तू कुठे पडलीस, आजारी पडलीस, तर माझ्याकडे यायचं. मग वाद नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंत ना, शेवाळे? तुमच्या कामावर माझं घर आहे. नीट करा."

मग त्यांनी चहा केला. कपाच्या कडेच्या आत बोट ठेवून त्या चहा ओतत होत्या. चहा बोटाला लागला तेव्हा थांबल्या. मी ते बघितलं. डोळे अधू झालेत हे मला तिथेच कळलं. मेधाताई फोनमध्ये दिव्यांचे फोटो शोधत होत्या.

बंगल्याचं दार बाजूला आहे. गेटमधून आत आलं की भिंतीला लागून सात पायऱ्या चढून वर जायचं. दारावर एक जुना पिवळा बल्ब होता, दिसायला भिकार, पण त्याचा उजेड पायऱ्यांवर पडायचा. मेधाताईंना त्याच्या जागी वर-खाली उजेड टाकणारे दिवे हवे होते. ते भिंतीला चिकटून असतात, भिंतीवर वर एक आणि खाली एक असे उजेडाचे पट्टे पडतात. नव्या भिंतीवर ते फार छान दिसतात. पायाशी काही दिसत नाही.

म्हणजे त्या घराला पायऱ्यांच्या बाजूने बसवायचे चार छोटे दिवे हवेच होते. मी ते लिहिले. चौदावी ओळ. खरा दर साडेसहा हजार झाला असता, त्यात माझा नफा धरून. मी लिहिले अठरा हजार.

का लिहिले? कारण बाई काटकसरी आहेत हे घरात पाऊल टाकताच दिसलं होतं. पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवलेल्या होत्या. अशी बाई पायऱ्यांच्या दिव्यांवर अठरा हजार घालणार नाही, हे मी ओळखलं. पाडायला ती ओळ सगळ्यात सोपी होती. बाकीच्या ओळींत मला चांगलं सुटत होतं. मी त्या दिवशी गिऱ्हाईक बघितलं, बाई बघितल्या नाहीत.

कोटेशन त्यांनी मलाच वाचायला लावलं. स्वतः पेन्सिल घेऊन बसल्या.

"चौदावी पुन्हा वाचा."

"पायऱ्यांचे दिवे, चार नग. अठरा हजार."

"सोन्याचे आहेत का?"

"बाई, बाहेरचा माल आहे. पाणी शिरत नाही त्यात."

"पाणी शिरू नये म्हणून एवढे पैसे ओतायचे?" त्यांनी पेन्सिल टेकवली. "पंचेचाळीस वर्षं मी त्या पायऱ्या चढते आहे. सात आहेत. मला पाठ आहेत. काढा हे."

"आई, असू दे ना," मेधाताई म्हणाल्या.

"तू गप्प बस. हा माझा आणि ह्यांचा विषय आहे."

"बाई, हे राहिलं असतं तर बरं होतं," मी म्हटलं. हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत आलो आहे, त्याच सुरात. त्या दिवशी ते खरं होतं. सूर मात्र तोच होता.

बाईंनी माझ्याकडून ओळीवर बोट ठेवून घेतलं आणि पेन्सिलीने ती आडवी खोडली. पट्टीने मारावी तशी सरळ रेघ.

काम सुरू झालं. परांची बांधली, गिलावा उतरवला, माझे पाइप पडले. क्लॅडिंगचं काम पांचाळकडे होतं. पांचाळ आणि मी वीस वर्षं एकत्र कामं करतो. पायऱ्यांच्या बाजूची भिंत बंद करायच्या दिवशी सकाळी बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. माझी चार माणसं, पांचाळची तीन, सगळे तिथेच. बाई पांचाळला म्हणाल्या, "तुमचे हे शेवाळे हुशार आहेत. कोटेशनमध्ये एक ओळ पाडायलाच घालतात. मी अडतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. उत्तर जुळवायला घुसवलेली पायरी मला लगेच कळते."

माणसं हसली. पांचाळही हसला. एवढ्या वर्षांत माझी युक्ती कुणी ओळखली नव्हती, आणि ओळखली ती माझ्याच माणसांसमोर.

मी भडकलो. "बाई, तोंड सांभाळून बोला. मी चोर नाही."

"चोर कोण म्हणालं? मी हुशार म्हणाले. हल्ली तो अपमान होतो का?"

मी भिंतीकडे गेलो. पायऱ्यांच्या लांबीने माझा रिकामा पाइप पडलेला होता, क्लिपा मारलेल्या, आत तार सोडलेली. नेहमीसारखा. मी माणसाला सांगितलं, "हा काढून घे."

तो बघत राहिला. मी ओरडलो तेव्हा त्याने पक्कड हातात घेतली.

पांचाळ परांचीवरून म्हणाला, "शेवाळे, शंभर-दोनशेचा पाइप. राहू दे की. उद्या लागंल."

"लागला तर तुझ्या शीट काढ."

दुपारच्या जेवणापर्यंत भिंत बंद झाली होती.

मला नंतर पुष्कळ वेळ मिळाला विचार करायला, कारण कामं कमी झाली. तेव्हा कळलं की बाईंनी माझी युक्ती ओळखली, म्हणूनच त्यांना वाटलं की पायऱ्यांचे दिवे गरजेचे नाहीत. ओळ भरतीची, म्हणजे दिवेही भरतीचे. मी खरं सांगितलं असतं तरी ते खोटं वाटावं, अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती.

आणखी एक गोष्ट झाली. वर दारासमोरच्या पोर्चला नवीन फरशी बसली. त्यामुळे वरून पहिली पायरी उतरताना पाऊल पूर्वीपेक्षा दीड इंच खोल पडायला लागलं. दिवसा कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पाठ असलेल्या सात पायऱ्यांतली एक बदलली होती. मला ते माहीत होतं, कारण गेटच्या दिव्याची वायर त्याच फरशीखालून मी नेली होती.

काम संपलं त्या संध्याकाळी दिवे लावून दाखवले. गल्लीतले चार लोक बघायला आले. भिंत उजळली होती. लोकांनी फोटो काढले, दोघांनी माझा नंबर घेतला. बाई गेटपाशी उभ्या होत्या.

"छान दिसतंय म्हणतात सगळे," त्या मला म्हणाल्या.

मी पायऱ्यांकडे बघितलं. जुना बल्ब मीच काढला होता. भिंतीवरच्या झगमगाटामुळे पायऱ्या आधीपेक्षा काळ्या दिसत होत्या. बाईंचं ते सकाळचं बोलणं... आठवडा झाला होता त्याला, पण माझ्या डोक्यात ते सकाळचंच होतं. मी सही घेतली आणि निघालो.

पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळी सातच्या सुमाराला बाई इस्त्रीवाल्याला कपडे द्यायला खाली उतरत होत्या. वरच्या पहिल्याच पायरीवर पाऊल चुकलं. खुब्याचं हाड मोडलं. इस्त्रीवाल्याने उचललं. ऑपरेशन झालं आणि हॉस्पिटलमधून त्यांना थेट बाणेरला नेलं.

मला हे कळलं ते गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या मेसेजमधून. एका गिऱ्हाइकाने मला तो पुढे पाठवला, बहुतेक चुकून. मेधाताईंनी लिहिलं होतं: "आई पायऱ्यांवरून पडली. शेवाळेंनी एवढं लाखाचं काम करून पायऱ्यांवर अंधार ठेवला. काम देताना विचार करा." खाली हात जोडलेली चित्रं, आणि एकाने लिहिलेलं, "आम्हालाही तो माणूस जरा चढेलच वाटला होता."

माझ्याकडे पेन्सिलीची रेघ मारलेला कागद होता. मी एकेकाला फोन लावले. ज्यांच्या घरच्या मुंजीला, वास्तुशांतीला मी माळा लावून दिल्या होत्या, त्यांनी उचलले नाहीत. एकाने उचलला आणि म्हणाला, "शेवाळे, आम्हाला त्यात पडायचं नाही." न पडताच त्यांनी निकाल दिला होता.

तीन महिने मी धुमसत होतो. मग एका रविवारी कागद घेऊन बाणेरला गेलो. आठवा मजला. दार मेधाताईंनी उघडलं. मी कागद पुढे केला. त्यांनी रेघ बघितली, दर बघितला.

"काका, अठरा हजार लिहिलेत तुम्ही. कुणीही खोडलं असतं."

"तुम्ही समोर होतात. तुम्ही का नाही थांबवलं?"

त्यांचं तोंड उतरलं. हा घाव बरोबर बसेल हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी तो घातला. त्या मागे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "आत या. पण एक सांगते. घर बाबांनी माझ्या नावावर ठेवलंय, ते विकायचा व्यवहार ठरलाय. पुढच्या महिन्यात खरेदीखत आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. कृपा करून तुम्ही बोलू नका."

बाई गॅलरीपाशी बसल्या होत्या, शेजारी वॉकर. निम्म्या झाल्या होत्या. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "शेवाळे. कागद घेऊन आला असाल."

"हो."

"मेधा, ओळ मी खोडली. ह्यांच्याकडून बोट ठेवून घेतलं आणि खोडली. तू ग्रुपवर काय लिहिलंयस ते मला कामवालीने माझ्या फोनवरून वाचून दाखवलं. काढून टाक."

"काढते," मेधाताई म्हणाल्या. मी ज्यासाठी आलो होतो ते मिळालं होतं. निघायला हवं होतं. (तो मेसेज अजूनही तिथेच आहे, हे मला एका माणसाने दाखवलं. त्याची चीड मला आहे आणि राहील.)

"आता मला एक सांगा," बाई म्हणाल्या. "त्या ओळीचा खरा दर किती होता?"

आयुष्यात हा आकडा मी कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितला नव्हता. "साडेसहा."

त्यांनी मनात काहीतरी मांडल्यासारखं केलं. "साडेसहा म्हणाला असतात तर मी साडेपाच म्हटलं असतं. सहाला जमलं असतं आपलं."

"जमलं असतं."

"तुम्हाला माझे डोळे कळले होते ना? त्या दिवशी चहा ओतताना तुम्ही बोलायचे थांबलात."

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसणार, म्हणून तोंडाने "हो" म्हणावं लागलं.

त्या वॉकरवर हात ठेवून पुढे झुकल्या. "बरं. आता ते दिवे बाहेरून पाइप टाकून होतील का? दिसायला वाईट दिसलं तरी चालेल. डॉक्टर म्हणाले दोन महिन्यांत काठीवर येईन. मग मी घरी जाणार. ही म्हणते बघू. मी हिला म्हटलं, उजेड असला तर तुझी हरकत काय?"

मी मेधाताईंकडे बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

"होतील," मी म्हटलं.

"किती घ्याल?"

मी फुकट म्हणणार होतो. तोंडाशी आलं होतं. पण ही बाई घुसवलेली पायरी ओळखते. शेवाळे फुकट म्हणाला असता, तर तिला त्याच क्षणी घराचं सगळं कळलं असतं.

"साडेआठ," मी म्हटलं. "बाहेरून पाइप म्हणजे मजुरी जास्त. माल पण वाढलाय आता."

"वाढला असेल. पाच."

"पाचात दिवेसुद्धा येत नाहीत, बाई. माझा माणूस दोन दिवस अडकणार."

"एक दिवसाचं काम आहे. मला शिकवू नका. साडेपाच."

"आठाच्या खाली मला परवडत नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारा."

"दुसऱ्याला कशाला विचारू, दुसरा तुमच्यासारखाच. सहा. आपलं जमलं असतं तेवढेच."

मी पाय आपटले, खुर्ची मागे सरकवली, उठून दोन पावलं गेलो आणि परत आलो. तीस वर्षांत मी कुठल्या सौद्यासाठी एवढी मेहनत घेतली नसेल. सव्वासहाला जमलं. बाईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "एकच ओळ. भरती नको."

मी कागदाच्या पाठीमागे लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी पेन्सिल मागितली आणि चाचपडत खाली सही केली.

"दसऱ्याच्या आत करा."

"करतो, बाई."